पेन्सिल कुणाच्या हातात आहे?

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : "शाळा सुटल्यावर चालणाऱ्या एका अभ्यासवर्गात आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास मुलांना शिकवायला जायचं ठरवलंय. मुलं दुसरी ते चौथीची. अनुभव शून्य, त्यात माझं स्वतःचं गणित कच्चं. मला जमेल का? पहिल्या दिवशी नेमकं करायचं काय? आणि मूल वहीच उघडेना तर?"

माझ्या मुलीपेक्षाही लहान असशील, म्हणून अगं-तुगं करते. २० वर्षं प्राथमिकच्या वर्गांवर काढली आणि गेली ११ वर्षं असाच एक वर्ग चालवते, कॉलेजच्या मुलामुलींच्या भरवशावर. दरवर्षी नव्याने येणाऱ्यांपैकी निम्म्यांचे प्रश्न हेच असतात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

जमेल. चौथीपर्यंतचं वाचन आणि गणित तुला येतं, तेवढं भांडवल पुरे. अडचण येते ती वेगळ्याच जागी. नव्या ताई-दादांना धास्ती असते की आपल्याला समजावून सांगता आलं नाही तर? आणि घोटाळा नेमका समजावण्याच्या नादात होतो. टेबलांमधून फेरी मारताना मी फक्त एवढंच बघते, की पेन्सिल कुणाच्या हातात आहे. ती ताईच्या हातात असेल, ताई भराभर आकडे मांडत असेल आणि मूल मान डोलवत असेल, तर त्या टेबलावर ताईचा अभ्यास चाललाय. मान डोलवणं हा मुलांचा मोठ्या माणसांना गप्प करण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे.

आधी दिवसांचं बोलते. दोनच दिवस घेतलेस ते बरं केलंस. पहिल्या आठवड्यात पाच दिवस लिहून देणारे महिन्याभरात दिसेनासे होतात, हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मीच पाच दिवस घेऊ देत नाही. मुलांना वार पाठ असतात. आमच्याकडे तिसरीतला एक मुलगा मंगळवारी त्याचा दादा दारात दिसेपर्यंत पाठीवरचं दप्तर उतरवायचा नाही. दादाची सबमिशनं आली. तीन मंगळवार तो फिरकला नाही, कुणाला कळवलंही नाही. चौथ्या मंगळवारी आला तेव्हा मुलगा उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला आणि तिथून हलला नाही. दादाला ते फार लागलं. तेव्हा परीक्षेचं वेळापत्रक हातात पडलं की तारखा आधी संयोजकांना कळव आणि मग मुलाला सांग, "पुढचे दोन गुरुवार मी नाही, तिसऱ्या गुरुवारी आहे." चिठ्ठीवर लिहून दिलंस तर आणखी चांगलं. मुलं सुट्टीवर रागावत नाहीत, न सांगता गायब होण्यावर रागावतात.

पहिल्या दिवशी शिकवू नकोस. शाळेतून सुटलेलं मूल पाच-सहा तास बसून आलेलं असतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं त्याला पाणी पिऊ दे, हुंदडू दे, बडबडू दे. त्याचं नाव नीट विचारून घे आणि पुढच्या वेळी चुकू नकोस. मग शेजारी बस, समोर नाही. समोर बसलीस की वही तुला उलटी दिसते, मग वाचायला तू ती स्वतःकडे ओढून घेतेस आणि वहीमागून पेन्सिलही येते. मूल ज्या हाताने लिहितं त्याच्या दुसऱ्या बाजूला बसायचं, म्हणजे लिहिणाऱ्या हाताला अडथळा होत नाही आणि चाललेलं दिसतंही. डावखुरं असेल तर उजवीकडे.

मग वाचायला दे, पण त्याच्या इयत्तेचं नाही. चौथीतल्या मुलाला दुसरीचा छोटा उतारा दे. सहज वाचला तर वर चढ. अडखळला तर खाली उतर : सोपं वाक्य, सुटे शब्द, शेवटी अक्षरं. दहा शब्दांत एकाहून जास्त ठिकाणी अडत असेल तर तो उतारा आज त्याच्यासाठी नाही. चौथीत बसलेलं मूल वाचनात पहिलीत असू शकतं आणि तोंडी हिशेबात पाचवीला भारी पडू शकतं. दप्तरावरची इयत्ता तुला फक्त त्याचं वय सांगते.

वाचताना कुठे अडतंय तेही बारकाईने बघ. 'पर्वत'चं 'पवर्त' करणारी मुलं खूप. त्यात त्यांचा दोष नाही. रफार डोळ्यांना दिसतो 'व'च्या डोक्यावर, पण तोंडाने म्हणायचा 'व'च्या आधी. हे त्यांना कुणी उलगडून सांगितलेलंच नसतं. 'सूर्य', 'वर्ग', 'दर्शन' असे चार-पाच शब्द एकाखाली एक लिहून "आधी र् म्हण, मग खालचं अक्षर" एवढं दोन दिवस केलं की गाडी रुळावर येते. मात्र प्रत्येक शब्दाला टोकायचं नाही. वाक्य संपेपर्यंत थांब. पुष्कळदा अर्थ जुळला नाही हे मुलालाच कळतं आणि ते मागे जाऊन दुरुस्त करतं. तू शब्दाशब्दाला हात घातलास तर ते शब्द वाचायचं सोडून तुझ्या तोंडाकडे बघायला लागेल.

तोच छोटा उतारा तीन-चार वेळा वाचायला लावायचा, ही जुनी आणि भरवशाची युक्ती. एस. जे. सॅम्युएल्स या अमेरिकन संशोधकाने १९७९ मध्ये ती नीट मांडली. शब्द ओळखण्यातच सगळी शक्ती खर्च झाली तर अर्थाकडे लक्ष द्यायला काही उरत नाही, हे तिच्यामागचं कारण. कंटाळा येऊ नये म्हणून आम्ही एकदा नेहमीसारखं, एकदा कुजबुजत, एकदा बातम्या देणाऱ्यासारखं वाचायला लावतो. तिसऱ्या वाचनाला मूल स्वतःच म्हणतं, "आता जोरात वाचू?"

आता गणित. गेल्या वर्षीच एका मुलीच्या वहीत ५२ − २७ चं उत्तर होतं ३५.

"चुकलं, परत कर" म्हटलं असतं तर तिने खोडून ३४ लिहिलं असतं, मग ४५, माझा चेहरा बघत बघत. मी म्हटलं, "हे कसं केलंस, मला सांग ना." (हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारत जा. नाहीतर 'कसं केलंस' म्हणजे 'चुकलंय' हे मुलं दोन दिवसांत ओळखतात.) ती म्हणाली, "सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन." म्हणजे वर असो की खाली, मोठ्यातून लहान वजा करायचं, असा तिचा नियम. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशाच चुका उकलून दाखवल्या होत्या. वरवर वेंधळेपणा वाटतो, पण मूल एक चुकीचा नियम इमानेइतबारे पाळत असतं. नियम सापडल्याशिवाय चूक जात नाही. आणि तो सापडतो मुलाच्या बोलण्यात, लाल पेनाच्या फुलीत नाही.

मी काड्या काढल्या. रबरबँड लावलेले दहा-दहांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "यातल्या मला सत्तावीस दे." तिने दोन गठ्ठे दिले. दोन सुट्या दिल्या. मग थांबली. मी मनात आकडे मोजत बसले, कारण तोंड उघडायचा मोह मलाही होतोच. बाराच्या आसपास तिने एका गठ्ठ्याच्या रबरबँडला हात लावला. "हा सोडू?" मी म्हटलं, "काड्या तुझ्या आहेत." तिने गठ्ठा सोडला, आणखी पाच दिल्या, उरलेल्या मोजल्या आणि वहीतले ३५ आपणहून खोडले. 'दशक मोडणं' हा शब्द तिने शाळेत पन्नास वेळा ऐकला असेल, मोडला त्या दिवशी पहिल्यांदा. पुढच्या वेळी काड्यांऐवजी रेघा आणि ठिपके काढले, त्यानंतर नुसते आकडे. ही तीन पावलं एकाच दिवसात उरकायची घाई करू नकोस.

मराठीत शिकणाऱ्या मुलांची आणखी एक गंमत लक्षात ठेव. 'बावन्न' म्हणताना आपण दोन आधी बोलतो आणि पन्नास नंतर, लिहिताना उलटं. त्यामुळे बावन्न ऐकून २५ लिहिणारं मूल गणितात कच्चं असतंच असं नाही. ते कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहितंय. आणि 'एकोणसाठ'चे ६९ लिहिणाऱ्याने 'साठ' ऐकून ६ मांडलेला असतो आणि 'एकोण' ऐकून ९. त्यात त्याचं डोकंच दिसतं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या पायऱ्या "साठाला एक कमी" अशा तोंडी खेळवल्या की बसतात.

बरोबरचं चिन्हही तपासून बघ. ८ + ४ = ☐ + ५ असं लिहून दे. बहुतेक मुलं चौकटीत १२ लिहितील, काही १७. १९९९ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांनी हेच केलं होतं, ७ एकानेही लिहिलं नाही. '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं त्यांच्या डोक्यात पक्कं झालेलं असतं. तराजू काढून दाखवलास तर दोन दिवसांचं काम आहे, पण पुढे बीजगणितात दोन वर्षांची रड वाचते.

थांबण्याबद्दल वर ओझरतं बोलले, पण माझ्या मते निम्मं काम तेच आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांमधली संभाषणं टेप करून मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तोच वेळ तीन सेकंदांच्या वर नेला तर मुलांची उत्तरं लांबली, कारणं देऊन येऊ लागली आणि उत्तर न देणारी मुलं कमी झाली. तीन सेकंद वाचायला किरकोळ वाटतात. शेजारी गप्प बसलेलं मूल असताना मोजून बघ.

थांबूनही हललं नाही तर मदत कर, पण चमच्याचमच्याने. आधी "प्रश्न पुन्हा वाच." मग तेच गणित लहान आकड्यांत. मग पहिली पायरी तू, पुढची त्याने. अगदीच अडलं तर पूर्ण गणित सोडवून दाखव, पण दुसरं, त्याच्या वहीतलं नाही. १९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळ्यांची रचना शिकताना शिकवणारा काय करतो ते पाहिलं आणि अशा मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची हवी, नंतर उतरवायची. आमचे काही दादा परांचीवरच संसार थाटतात.

गृहपाठावरून तुझं कुणाशी तरी वाजणार, हे आत्ताच सांगते. पालकांना तो पूर्ण हवा असतो, शाळेला बरोबर हवा असतो आणि मुलाला एकदाचा संपायला हवा असतो. दीड तास सगळा त्यातच गेला तर वाचायला जमत नसलेलं मूल वर्षभर वाचायला न शिकता गृहपाठ मात्र पूर्ण करत राहील. मी घड्याळ लावून अर्धा तास देते. त्यात जेवढं स्वतः करेल तेवढं. जे जमलं नाही ते तसंच सोडायचं आणि समासात लिहायचं, 'स्वतः केलं, शेवटची तीन जमली नाहीत.' आपण बसून दुरुस्त करून दिलं तर वर्गातल्या बाईंना वाटतं मुलाला येतंय आणि त्या पुढे जातात. एका आईने माझ्याशी यावरून कडाक्याचं भांडण केलं होतं. मी बदलले नाही. तुझ्या वर्गाचा नियम वेगळा असेल तर मात्र तो पाळ आणि तुझं म्हणणं संयोजकांजवळ मांड, पालकांशी दारात वाद घालू नकोस.

मूल वहीच उघडेना तर? आधी अवज्ञा समजू नकोस. थकवा असतो, भूक असते, आदल्या तासाला काहीतरी बिनसलेलं असतं. कधी डोळ्यांचा प्रश्न असतो. पुस्तक नाकाला लावणारं किंवा डोळे बारीक करून बघणारं मूल दिसलं तर संयोजकांच्या कानावर घाल. पण बहुतेक वेळा असते लाज. येत नाही हे चारचौघांत उघडं पडण्यापेक्षा मस्तीखोर ठरलेलं परवडतं. "करायचं का?" असं विचारू नकोस, उत्तर ठरलेलं आहे. "वाचन आधी की गणित आधी?" असं विचार. तरीही नाही म्हटलं तर तू स्वतः एक गणित त्याच्यासमोर मुद्दाम चुकीचं सोडव आणि कपाळाला आठ्या घालून बसून राहा. दहा वेळांपैकी सात-आठ वेळा मूल वाकून बघतं. चूक सापडल्यावर पेन्सिल मागणारं मूल मी कितीदा पाहिलंय! उरलेल्या दोन-तीन वेळा सोडून दे. एक दिवस काहीच झालं नाही तर काही बुडत नाही.

शाबासकीतही जपून. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत 'हुशार आहेस' असं कौतुक झालेली पाचवीची मुलं पुढे सोपंच काम निवडू लागली आणि अवघड गणितं आल्यावर लवकर ढेपाळली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. मी तर 'मेहनत केलीस' असंही मोघम म्हणत नाही. जे केलं ते सांगायचं, "तू परत मागे जाऊन वाचलंस", "उत्तर पडताळून बघितलंस". मुलांना पोकळ 'व्हेरी गुड' लगेच कळतं.

एकाला एक अशी चैन तुला बहुधा मिळणार नाही. टेबलावर तीन-चार मुलं असतील. कुणी तुला बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचा दाखला देईल. त्यांनी १९८४ मध्ये लिहिलं होतं की स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्क्यांच्या पुढे गेला. नंतरच्या अभ्यासांत इतका मोठा फरक दिसला नाही, त्यामुळे ते डोक्यावर घेऊ नकोस. चार मुलांत करायचं एवढंच, की जे स्वतःचं स्वतः करता येईल असं काम तिघांना आधी लावून द्यायचं आणि चौथ्याजवळ सलग दहा मिनिटं बसायचं. मग जागा बदल. सगळ्यांना एकाच वेळी शिकवायला गेलीस तर सगळ्यात चुणचुणीत मूल उत्तरं देत सुटेल आणि बाकीचे त्याच्या मागे लपतील.

काही गोष्टींत मात्र माझ्याकडे सूट नाही. बंद खोलीत मुलाबरोबर एकटीने बसायचं नाही, दार उघडं आणि कुणाच्या तरी नजरेच्या टप्प्यात. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, स्टेटसला तर अजिबात नाही. खासगी फोन, मेसेज, भेटवस्तू नाहीत. घरी सोडायला जायचं नाही, कितीही गळ घातली तरी. आणि एखाद्या मुलाने मार, भीती किंवा नकोसा स्पर्श अशा कशाबद्दल सांगितलं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. शांतपणे ऐक, खोदून प्रश्न विचारू नकोस, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हण. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून त्याच दिवशी संयोजकांकडे दे. तपास करणं तुझं काम नाही, पोचवणं आहे.

वर्ग सुटल्यावर पाच मिनिटं काढून प्रत्येक मुलाच्या तीन ओळी लिही : आज काय केलं, कुठे अडलं, पुढच्या वेळी कुठून सुरू करायचं. तू आजारी पडलीस तर तुझ्या जागी आलेल्या दादाला त्या तीन ओळी तुझ्या तासभराच्या फोनपेक्षा जास्त उपयोगी पडतात. महिन्याने मागची पानं चाळलीस तर तुलाही धीर येईल, कारण रोज बघणाऱ्याला मुलाची वाढ दिसत नाही.

प्रमाणपत्रासाठी किंवा कॉलेजचे तास भरायला येत असशील तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या उत्तम तायांपैकी दोघी तशाच आल्या होत्या.

राहिलं तुझं कच्चं गणित. ते तुझ्या पथ्यावर पडेल. ज्यांना सगळं चटकन येतं त्यांना मूल कुठे ठेचकाळतंय ते दिसत नाही, तुला ती ठेच अजून आठवत असेल. फक्त आदल्या रात्री मुलांच्याच पुस्तकातली चार उदाहरणं त्याच पद्धतीने सोडवून जा. तुझ्या लहानपणी हातचा वर मांडत असतील आणि त्यांच्या बाई बाजूला मांडत असतील, तर विनाकारण गोंधळ होतो. शंका आली तर मुलालाच विचार, "तुमच्या बाई कसं करतात, मला दाखव." बेरीज चुकलीच तर "थांब, माझं चुकलं" म्हणून त्याच्यासमोर खोड.

आणि दप्तरात टोक केलेल्या चार पेन्सिली, दोन खोडरबर आणि एक शार्पनर टाकून ने. पेन्सिल शोधण्यातच पहिली दहा मिनिटं जातात.